टाचणीएवढे छिद्र आणि गमावलेले बोट

कारखान्यातील हाताच्या दुखापतीचे गांभीर्य रक्तावरून आणि वेदनेवरून ठरवण्याची सवय कामगारांत, सुपरवायझरांत आणि खेदाने म्हणावे लागते की काही डॉक्टरांतही इतकी मुरलेली आहे की, ज्या जखमेतून रक्त येत नाही आणि जी पहिल्या तासात फारशी दुखत नाही, ती किरकोळच असणार असे गृहीत धरले जाते. यंत्रदुरुस्तीच्या वेळी होणाऱ्या एका दुखापतीबाबत हा समज थेट बोटावर बेततो. हायड्रॉलिक होजमधील बारीक गळतीतून, ग्रीस गनमधून किंवा रंगाच्या स्प्रे गनमधून सुटलेली धार कातडी भेदून आत शिरते, तेव्हा होणाऱ्या इजेला उच्चदाब अंतःक्षेपण दुखापत म्हणतात.

कातडी भेदण्यास सुमारे 7 बार दाब पुरतो. हायड्रॉलिक प्रेसमध्ये मात्र 200 बारचा दाब सर्रास असतो, म्हणजे कळसूबाईच्या 1,646 मीटर उंचीलाही मागे टाकणाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा भार. आत गेलेले तेल जागीच थांबत नाही, तर बोट वाकवणाऱ्या कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, आवरणातून ते पुढे सरकते, आणि अंगठा व करंगळी यांची आवरणे बहुधा मनगटापर्यंत जात असल्याने तेथील दुखापत तळहात ओलांडू शकते. वाढलेल्या दाबाने रक्तपुरवठा तुटतो, रसायनाने ऊती जळतात आणि नंतर जंतुसंसर्ग होतो. आत शिरणाऱ्या द्रवांत थिनर आणि तैलरंग सर्वांत घातक ठरतात. डिझेल इंजिनातील इंधनाने झालेली अशी दुखापत 1937 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली होती, तरीही ती आजही सहज नजरेआड होते.

रुग्ण बहुधा उजव्या हाताने काम करणारा फिटर असतो आणि गळती कुठे आहे हे चाचपण्यासाठी होजवरून फिरवलेली डाव्या हाताची तर्जनी तो दाखवतो. बोटाच्या पेरावर टाचणीएवढे छिद्र, त्याभोवती किंचित फिकट कातडी आणि दाबल्यास तेलाचा वास, एवढेच दिसते. बोट जड झाल्यासारखे वाटते, पण शिफ्ट पूर्ण होते. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले जाते, हळद दाबली जाते, वर पट्टी चिकटवली जाते. रात्री ठणका सुरू होतो आणि सकाळी बोट सुजून ताठ, पांढुरके व अर्धवट वाकलेले असते. तोवर मौल्यवान वेळ हातचा गेलेला असतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 435 रुग्णांच्या आढाव्यात सुमारे 30 टक्के रुग्णांना अवयवच्छेदन, म्हणजे बोट किंवा हाताचा भाग कापणे, टाळता आले नव्हते.

तेल पिळून काढणे, बोट गरम पाण्यात बुडवणे, घट्ट पट्टी बांधणे हे मोबाईलवर फिरणारे उपाय दाब वाढवतात आणि तेल आणखी खोल ढकलतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेतलेली वेदनाशामक गोळी ठणका झाकते, तर प्रतिजैविकाने आतले थिनर निघत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होणेही चूकच, कारण अनेक द्रवपदार्थ त्यात दिसत नाहीत. बोट बधिर करण्यासाठी त्याच्या मुळाशी सुई देणेही या दुखापतीत टाळले पाहिजे, कारण त्याने आतला दाब आणखी वाढतो.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. हाताला तेल लागणे म्हणजे ही दुखापत नव्हे. दाबाखालची धार कातडीवर आदळली असेल तरच ही शंका घ्यावी, आणि ती घेतल्यावर सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया करून आतला द्रव व मृत ऊती काढल्या, तर बोट वाचण्याची शक्यता चांगली असते. अंगठी लगेच काढावी, हात उंच ठेवावा, भूल द्यावी लागणार असल्याने काही खाऊ-पिऊ नये आणि हाताची शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात जावे.

दुरुस्तीपूर्वी मोटर बंद करणे पुरेसे नसते, कारण अॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या टाकीत, दाब शिल्लक राहतो. तो सोडल्याशिवाय जोड उघडू नये, आणि गळती शोधायची झाल्यास पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवावा, कारण साधा हातमोजाही या धारेला अडवत नाही. छिद्र कितीही बारीक असले तरी द्रवाचे नाव, यंत्राचा दाब आणि दुखापतीची वेळ कागदावर लिहून तो कागद सोबत न्यावा, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की धार आत शिरली आहे.