दमा मुलाचा, जागरण आईचे

बालदम्याविषयी लिहिताना आपण श्वासनलिका आणि औषधे यांवरच थांबतो. उशाशी रात्रभर बसणाऱ्या माणसाविषयी फारसे कुणी लिहीत नाही. आज त्या माणसाविषयी.

दमा बहुधा रात्रीच बळावतो. सूज आटोक्यात ठेवणारे शरीरातले नैसर्गिक स्टेरॉइड रात्री कमी होते, श्वासनलिका थोड्या आकसतात आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास मूल खोकत उठते. ज्या घरात असे वारंवार घडते, तिथली आई मूल शांत झोपले तरी झोपत नाही. कान त्याच्या श्वासाकडे. मग ती दवाखान्यात येते ती पित्त, डोकेदुखी किंवा चक्कर घेऊन. अशा बाईला गोळी लिहून देण्याआधी आठवड्यात किती रात्री सलग झोप झाली हे विचारावे, असे माझे मत आहे. पुष्कळदा निदान तिथेच होते.

आपल्या सातारा-सांगलीत हा भार आणखी वाढतो, कारण अनेक घरांत पुरुष गावी नसतो. पाटण-जावळीचे माथाडी मुंबईत, विटा-खानापूरचे गलाईवाले परराज्यांत, आणि फौजेत गेलेले तर गावोगाव. रात्री दोन वाजता मुलाला धाप लागली की निर्णय एकट्या आईने घ्यायचा. त्यात ऊस गेल्यावर शिवारात पेटवलेले पाचट, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात भिंतींवर चढणारी ओल आणि बुरशी, माण-आटपाडीकडचा फुफाटा. यातले काहीच तिच्या हातात नाही. तरी बोलणी तिलाच. "केळं दिलंस म्हणून झालं", "हा दमा तुझ्या माहेरचा". आनुवंशिकता आई आणि वडील दोघांच्याही बाजूने येऊ शकते, हे सासरच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे. आणि केळ्याने दमा होत नाही.

दमलेल्या पालकांच्या हातून उपचार सुटतो, ही यातली खरी धोक्याची बाब. रोज घ्यायचा प्रतिबंधक पंप मूल महिनाभर बरे राहिले की बंद पडतो. खर्च, कंटाळा आणि "सवय लागेल" ही भीती, तिन्ही मिळून. मग थंडी पडते, धाप लागते, रात्रीची धावपळ पुन्हा सुरू. पंपाची सवय लागत नाही. आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉल पंपाच्या एका फवाऱ्यात औषध असते 100 मायक्रोग्रॅम. त्याच औषधाच्या 2 मिलिग्रॅमच्या गोळीत याच्या वीसपट. लोक गोळीला भीत नाहीत, पंपाला भितात! प्रतिबंधक पंपातल्या स्टेरॉइडने काही मुलांच्या उंचीत सेंटिमीटरभर फरक पडू शकतो, हे खरे आहे. पण सतत दम लागणाऱ्या मुलाचे खेळणे, शाळा आणि झोप बुडते ती कितीतरी मोठी हानी. मृगाला हैदराबादला नेऊन माशातून औषध देणारेही आहेत. जायचे तर जा, पंप मात्र थांबवू नका.

आता आईसाठी काय करता येईल? डॉक्टरांकडून एका कागदावर मराठीत लिहून घ्या: रोजचे औषध कोणते, धाप लागल्यावर कोणते, किती आणि दवाखाना कधी गाठायचा. कागद स्वयंपाकघरात चिकटवा, एक प्रत शाळेत द्या. मध्यरात्री घाबरलेल्या डोक्याला आठवावे लागत नाही, वाचता येते. साधारणपणे धाप लागल्यास स्पेसरमधून एकेक करून दोन फवारे, गरज पडल्यास वीस मिनिटांनी पुन्हा. तासाभरात तीनदा देऊनही उतार नसेल तर दवाखाना. पण मूल बोलू शकत नसेल, पीत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर असतील किंवा ते सुस्तावले असेल, तर क्षणभरही थांबू नका. फवारे देत 108 ला फोन करा.

आणि रात्री वाटून घ्या. वडील गावी असतील तर आठवड्यातल्या निदान दोन रात्री त्यांच्या. नसतील तर आजी, काकू, आत्या. आईने त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपावे, दार लोटून. हे जमायचे तर पंप देणे घरातल्या आणखी एका माणसाला आले पाहिजे. म्हणून मुलाला तपासायला आणताना त्या माणसालाही आणा आणि पंप, स्पेसर पिशवीत टाका. डॉक्टरांसमोर त्याच्याच हाताने एक फवारा देऊन पाहता येईल.