लाव्याचे पाय आणि नीतिसूत्रे १२:१०



या पाठासाठी नीतिसूत्रांचा बारावा अध्याय उघडून ठेवा आणि दहावे वचन वाचा. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो, असा त्याचा आशय आहे. हे वचन मी संडेस्कूलमध्ये कितीतरी वेळा शिकवले. पण मूळ हिब्रूत तेथे 'जाणतो' या अर्थाचे क्रियापद आहे. पदविकेच्या वर्गात हे शिकले होते आणि विसरूनही गेले होते. त्याची आठवण मला नवापूर तालुक्यातल्या एका अंगणात लंगड्या लाव्यांनी करून दिली.

लावे म्हटले की आपल्याला निर्गम १६ आणि गणना ११ आठवते. रानात इस्राएल लोकांच्या छावणीवर उतरले ते रानटी, स्थलांतर करणारे लावे. आपल्याकडचे रानलावे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते धरणे, पाळणे गुन्हा आहे. घरी पाळतात तो जपानी लावा. बाजारात त्याला बटेर म्हणतात. वजन दीडशे-दोनशे ग्रॅम, सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू, अंडे साधारण दहा ग्रॅमचे. जागा थोडी लागते, म्हणून लहान घरालाही परवडतो.

या घरात आजी आणि सातवीत शिकणारी नात राहतात. मुलीचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात. येताना मामाने तिला सहा लावे आणून दिले. तिने त्यांना नावे ठेवली, अंडी विकून वह्या घेतल्या. आजीला मात्र पक्षी पाळायचे म्हटले की धास्ती. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच सापडला, तेव्हा तिच्या कोंबड्याही नेऊन मारल्या होत्या. त्यानंतर कित्येक वर्षे तिने अंगणात पिल्लू येऊ दिले नाही. आता कुठे चार गावठी कोंबड्या पुन्हा बसत होत्या आणि त्यांच्या बसायच्या दांडीखालीच लाव्यांचा पिंजरा ठेवला होता.

मी गेले तेव्हा एक मादी लंगडत होती. पायावरचे खवले उचललेले, त्यांखाली पांढरट, भुसभुशीत पापुद्रे. आजी म्हणाली, "बाई, रॉकेल लावू का? आमची आई कोंबडीला लावायची." मलाही लहानपणी तेच माहीत होते. मी 'लावा' म्हटले, इतकेच नव्हे तर स्वतःच्या हाताने चिंधी बुडवून चोळले. लहान पक्ष्याचे कातडे नाजूक. पाय लाल झाले, तिने दाणा सोडला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. मुलीने मला दोष दिला नाही. फक्त विचारले, "ताई, तिला काय झालं होतं?" मला सांगता आले नाही. औषध आधी लावले होते आणि आजार नंतर विचारत होते.

मग मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी समजावले ते असे. हा गोचिडीच्या कुळातला सूक्ष्म जीव. नेमिडोकॉप्टिस हे त्याचे नाव. डोळ्यांना दिसत नाही. पायाच्या खवल्याखाली बीळ करून राहतो, त्याचा सगळा जन्म पक्ष्याच्या अंगावरच जातो. म्हणून तो सहवासाने पसरतो. बहुधा आमच्या लाव्यांना तो वरच्या कोंबड्यांकडूनच आला. वेळीच पाहिले नाही तर पाय वाकडे होतात, बोट झडूही शकते. भिंतीच्या फटीत दिवसा लपून रात्री रक्त पिणारा लाल किडा वेगळा, त्याचा उपाय वेगळा.

उपाय साधा आहे, पण त्याला चिकाटी लागते. पक्षी फडक्यात सैलसर गुंडाळावा. छाती दाबू नये, नाहीतर श्वास कोंडतो. कोमट पाण्यात थोडा साधा साबण घालून पाय पाच-दहा मिनिटे भिजवावेत. जुन्या मऊ दातांच्या ब्रशने सुटेल तेवढाच पापुद्रा काढावा. ओढून काढला तर रक्त येते आणि जंतू शिरतात. पाय पूर्ण कोरडे करून खवल्यांच्या आत जाईल असे व्हॅसलीन जाड लावावे. त्याखाली किड्यांचा श्वास कोंडतो. पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्यातून दोनदा, असे निदान महिनाभर. नवे किडे निघत राहतात, म्हणून पाय बरे दिसले की थांबणे ही नेहमीची चूक. खवले पूर्ववत व्हायला तर काही महिने लागतात. सोबतच्या सगळ्या पक्ष्यांना, निरोगी दिसणाऱ्यांनाही, हेच करायचे. पिंजऱ्यातला तूस जाळायचा, लाकडी दांड्या घासून उन्हात वाळवायच्या. पिंजरा कोंबड्यांखालून हलवायचा, हे तर पहिलेच.

आजार फार वाढला असेल तर डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात. शेळीसाठी आणलेली बाटली मात्र कुणी उघडू नये. दीडशे ग्रॅमच्या जिवाला मात्रा थेंबात मोजावी लागते, जास्त झाली तर तो मरतो. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही डॉक्टरांनाच विचारावे.

हे सगळे शिकून मी मोठ्या उत्साहाने परत गेले. आणखी एक लावा लंगडत होता. मी व्हॅसलीनची डबी उघडली, तोच मुलगी म्हणाली, "ताई, याचे खवले नीट आहेत. खालून बघा." तिने पाय उलटा केला. बोटाभोवती विष्ठा आणि माती वाळून हरभऱ्याएवढा कडक गोळा झाला होता. लाव्यांत हे वारंवार होते. गोळा आवळला की रक्त पोहोचत नाही आणि बोट काळे पडते. आम्ही पाण्यात भिजवत, थोडेथोडे करून तो सोडवला. अर्धा तास गेला. ओढला असता तर नखासकट आला असता. त्या संध्याकाळी तो दोन्ही पाय टेकून चालला.

लंगडण्याची कारणे किती वेगवेगळी! पिंजऱ्याच्या जाळीने तळपायाला जखम होऊन काळी खपली धरते, आत पू होतो. पायाला केस किंवा दोरा गुंडाळला जातो. अंडी देणाऱ्या मादीला चुना कमी पडला तर हाडे दुबळी होतात. वाटून ठेवलेले शिंपले किंवा भाजलेली अंड्याची टरफले वेगळ्या वाटीत ठेवावीत. नुसती मक्याची चुरी लाव्याला पुरत नाही, त्याला कोंबडीपेक्षा जास्त प्रथिने लागतात. पिल्ले गुळगुळीत कागदावर वाढवली तर पाय फाकतात. खाली खरबरीत कापड घालावे. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पक्षी पडून राहिला तर मारेक नावाचा रोग असू शकतो, त्याला घरगुती इलाज नाही. आणि पक्षी एकाएकी पटापट मरू लागले तर काहीही चोळत बसू नका, हात लावू नका, लगेच दवाखान्यात कळवा. नवापूरकरांना हे सांगायला नको.

माझा विचार पुन्हा त्या वचनातल्या क्रियापदाकडे गेला. मी सेवेच्या नावाने कितीदा आधी डबी उघडते! वस्तीवर पोचण्याआधीच आमच्याकडे उपाय तयार असतो: शिवणयंत्र, चादरी, शिबिर. ती मुलगी पक्ष्याला रोज हातात घेत होती, म्हणून तिला तळपाय दिसला. यहेज्केल ३४ मध्ये मेंढपाळांना ठपका बसतो तो रोग्याला बरे न केल्याचा, मोडलेल्याला न बांधल्याचा. आपल्या अभ्यासवर्गात ते वचन वाचताना एक प्रश्न चर्चेला घ्यावा: मोडलेले कुठे आहे हे त्या मेंढपाळांना ठाऊक तरी होते का? आणि दुसरा: आपण ज्यांच्यासाठी प्रार्थना व दान करतो, त्यांच्यापैकी किती जणांचे घर आपण आतून पाहिले आहे?

सध्या चार लावे आहेत. एक मांजराने नेला. पिंजरा आता चुलीच्या बाजूच्या भिंतीशी आहे. त्यात राख आणि वाळूची परात ठेवली आहे, लावे दुपारी तीत लोळतात. दर शनिवारी मुलगी एकेकाला उचलून पाय बघते, मग कोंबड्यांचे. कोंबड्या धरून ठेवायचे काम आजीकडे आहे.