पाठ ११ : शनिवार की शुक्रवार?

मुलांनो, दोहाच्या नकाशात सी रिंग रोड शोधा. त्याला लागूनच अल मुंतझा हा भाग आहे. 'मुंतझा' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी बाग, फिरायची जागा. इथे खरोखर एक मोठी बाग आहे. तिचं आताचं नाव रौदत अल खैल पार्क, पण जुने रहिवासी अजून मुंतझा पार्कच म्हणतात.

उन्हाळ्यात दुपारी या बागेकडे कुणी फिरकत नाही. पारा ४५ अंशांच्याही वर जातो. जानेवारीत मात्र संध्याकाळी स्वेटर लागतो. म्हणून महाराष्ट्रात शेतावर हुरडा भाजायचे दिवस असतात, त्याच सुमारास इथे स्नेहमेळावे भरतात.

आमच्या छोट्या सेवा गटाचा मेळावाही दरवर्षी संक्रांतीच्या जवळच्या शनिवारी व्हायचा. गट म्हणजे पंधरा-वीस कुटुंबं. काम साधंच. मराठी कामगारांना फॉर्म भरून द्यायचे, कुणी दवाखान्यात असेल तर डबा पोचवायचा, गावी फोन करून घरच्यांना नीट समजावून सांगायचं. पैसे आम्ही गोळा करत नाही, कतारमध्ये त्यासाठी सरकारी परवानगी लागते. वेळ देतो, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये मी मेळाव्याची यादी केली. सवयीप्रमाणे एक्सेलमध्ये! नाव, माणसं किती, कोण काय आणणार. दहावीतल्या एका मुलीने ती वाचली आणि विचारलं, "आपण वर्षभर ज्यांच्यासाठी काम करतो, ते काका लोक यात कुठे आहेत?"

सगळे गप्प. मग कारणं सुरू झाली.

इथल्या कामगार कायद्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. आम्हा ऑफिसवाल्यांना शुक्रवार आणि शनिवार दोन्ही मिळतात, पण बांधकामावर, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या अनेकांना शनिवारी ड्यूटी असते. म्हणजे शनिवार ठरवला की ते आपोआप बाहेर. "आपण त्यांना नको म्हणत नाही हो, त्यांनाच जमत नाही," एक जण म्हणाले. मीही मान डोलावली. आता आठवलं की ओशाळायला होतं. शुक्रवारी सकाळी तुमची मराठी शाळा, दुपारी नमाजाची गर्दी, मग तयारी कधी करायची? कारणं खोटी नव्हती. सोयीची होती.

ती मुलगी काही ऐकेना. शेवटी शुक्रवार ठरला, वेळ दुपारी तीनची. इंडस्ट्रियल एरिया तिथून लांब, म्हणून सहा जणांनी आपापल्या गाड्या काढल्या. २३ जण येणार होते, १७ आले. बाकीच्यांना ऐन वेळी ओव्हरटाइम लागला.

पहिला अर्धा तास काही खरं नव्हतं. ते एका चटईवर, आम्ही दुसऱ्या चटईवर. "घ्या ना", "असू द्या, असू द्या" एवढंच बोलणं. मग जेवण वाढलं : भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, गूळ. सोलापूरकडच्या एका काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, चावला आणि म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण पीठ जुनं हाय. कडू लागतंय."

सगळे ताईंकडे बघायला लागले. ताईंनी स्वतः घास खाल्ला. "अगं बाई, खरंच की! मग पुढच्या वेळी तुम्हीच करा."

"करतो की! चार वर्षं झाली, रूमवर मीच थापतो."

बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. काका सांगत होते, ताई विचारत होत्या, आणि दोन चटयांची एक कधी झाली ते कळलं नाही.

तेवढ्यात वर्ध्याचे एक काका सात वर्षांच्या एका मुलाला म्हणाले, "काय करून राहिला रे तू?"

मुलगा म्हणाला, "काका, तसं नाही. 'काय करतोस' म्हणायचं."

काका नुसते हसले आणि गप्प झाले. ते गप्प होणं मला लागलं. मी तिथेच मुलाला सांगितलं, "काका चुकले नाहीत. विदर्भात असंच बोलतात. आपल्या पुस्तकातली मराठी ही अनेक मराठींपैकी एक आहे." मुलाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मी गूळ खाऊन राहिलो." वर्ध्याच्या काकांनी त्याला उचलूनच घेतलं.

पाच वाजून गेले, सूर्य मावळला. गाडीत बसताना सोलापूरचे काका मला म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी नुसतं बोलवू नका. कामं पण वाटून द्या. पाहुणं म्हणून किती दिवस यायचं?"

यंदाच्या यादीत 'भाकरी'पुढे त्यांचं नाव आहे. पीठही तेच बघून घेणार आहेत.

शब्दार्थ
हुरडा – ज्वारीचे कोवळे, भाजलेले दाणे
ओशाळणे – आपली चूक कळून लाज वाटणे
थापणे – हाताने दाबून भाकरी पसरवणे
काही खरं नव्हतं – सगळं अवघड वाटत होतं

विचार करा, बोला
१. "कारणं खोटी नव्हती. सोयीची होती." या दोन्हींत फरक काय? तुमच्या घरातलं एक उदाहरण सांगा.
२. वर्ध्याचे काका का गप्प झाले?
३. 'हाय', 'लागतंय', 'करून राहिला' : तुमचे आजी-आजोबा यांऐवजी काय म्हणतात? त्यांना फोन करून विचारा आणि ऐकलं तसंच लिहा.