नाण्यांची साक्ष

कळंबा तलावाच्या उत्तरेस कोल्हापूर शहर वसले आहे. तेथे पंचगंगेच्या तीरी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १८७७ साली या टेकडीवर प्राचीन नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. त्यांतील शिशाच्या नाण्यांवर एका बाजूस धनुष्यबाण व ब्राह्मी लिपीत राजाचे नाव होते. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर अशी ती तीन नावे. परंतु नाण्यांवर साल नव्हते. मग आधीचा राजा कोणता?

विद्वानांनी नाणी बारकाईने न्याहाळली. शिवलकुराच्या काही नाण्यांवर वासिष्ठीपुत्राच्या छापाच्या पुसट खुणा आढळल्या. गौतमीपुत्राच्या नाण्यांवर त्या दोघांच्याही छापांच्या खुणा होत्या. नव्या राजाने जुन्या नाण्यांवरच आपला ठसा उमटविला होता. अशा रीतीने तिघांचा क्रम ठरला.

चकाकीसाठी कोणी ती नाणी घासली असती, तर ही साक्ष कायमची पुसली गेली असती! नाणी जमविणाऱ्या मुलांनी आपल्याजवळची जादा चलनी नाणी मित्रांशी खुशाल बदलावी. परंतु जमिनीत सापडलेले प्राचीन नाणे घासू नये, विकूही नये. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास, १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. असा ठेवा साऱ्या समाजाचा असतो.