विकलेले नाव आणि अडकलेला ग्राहक

पेढीची वाटणी होते तेव्हा वखारीतील माल मोजता येतो, येणे-देणे खतावणीवरून काढता येते, जागेचे मोल पंच ठरवितात. नावाची वाटणी मात्र अशी सहज होत नाही. आणि त्या नावावर विसंबून ज्याने आगाऊ रक्कम दिली किंवा मोलाची वस्तू घरी नेली, त्या ग्राहकाचा उल्लेख वाटणीपत्रात क्वचितच आढळतो. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतील एका ध्वनियंत्रांच्या कंपनीचे उदाहरण घेतले आहे. धंदा आपल्याहून निराळा असला, तरी त्यातील पेच सभासदांना परका वाटणार नाही.

मार्क लेव्हिन्सन या गृहस्थांनी 1972 साली कनेक्टिकट राज्यात स्वतःच्याच नावाने कंपनी काढली. ध्वनिमुद्रित संगीत घरी उत्तम प्रकारे ऐकता यावे, यासाठी लागणारे अँप्लिफायर ती तयार करी. तिचा एमएल-2 हा अँप्लिफायर अवघ्या 25 वॅट शक्तीचा होता, आणि डाव्या-उजव्या बाजूंसाठी असे दोन नग घ्यावे लागत. तरीही रसिक त्यासाठी मोठी किंमत मोजत. जॉन कर्ल या अभियंत्याच्या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे जेसी-2 हे यंत्र पुढे एमएल-1 म्हणून विकले जाऊ लागले. नावाचे मोल या कंपनीला चांगलेच ठाऊक होते, असे म्हणावे लागते!

पुढे बाहेरचे भांडवल आले आणि संस्थापकाचे नाव वापरण्याचा हक्क करारान्वये कंपनीकडे गेला. 1980 नंतरच्या चार-पाच वर्षांत मतभेद व आर्थिक अडचणी वाढल्या. संस्थापक बाहेर पडले व त्यांनी चेलो नावाची नवी कंपनी काढली. जुन्या कंपनीची मालमत्ता, तिच्यासह ते नावही, मॅड्रिगल या कंपनीने घेतले. आता मार्क लेव्हिन्सन हे नाव एका कारखान्यावर आणि त्या नावाचा मनुष्य दुसऱ्या कारखान्यात, अशी स्थिती झाली. प्रकरण न्यायालयात जाणे अटळ होते.

1986 साली संघीय अपील न्यायालयाने जो भेद केला, तो प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घेण्याजोगा आहे. धंदा आणि त्याचा नावलौकिक विकणे ही एक गोष्ट. केवळ व्यापारचिन्ह म्हणून नाव वापरण्याचा हक्क विकणे ही दुसरी. पहिल्या प्रकारात विकणाऱ्याला आपली जुनी गिऱ्हाइके पुन्हा ओढून नेता येत नाहीत. दुसऱ्या प्रकारात बंधन नावापुरतेच राहते. लेव्हिन्सन यांना आपल्या मालावर स्वतःचे नाव घालता येईना. परंतु नव्या कंपनीशी आपला संबंध आहे, हे सांगण्याची मोकळीक त्यांना राहिली.

या वादात ग्राहक पक्षकार नव्हता. ज्याच्या घरी एलएनपी-2 हे यंत्र होते, त्याची अडचण पाहावी. त्यातील मुख्य भाग राळेसारख्या द्रव्यात ओतून बंद केलेले; गावातील कारागिराने ते उघडून दुरुस्त करावेत, असे नव्हेतच. यंत्र करणाऱ्याकडे जावे, तर नाव व मालमत्ता दुसऱ्याकडे. नाव धारण करणाऱ्याकडे जावे, तर ज्याच्या भरवशावर यंत्र घेतले, तो तेथे नाही. शिवाय अडचणीतील कंपनीची मालमत्ता घेणाऱ्यावर तिने दिलेल्या जुन्या हमीचे ओझे आपोआप येतेच असे नाही. करारात ते स्वीकारले असेल तरच ग्राहकाला आधार. ते नाव 1995 साली हरमन कंपनीकडे व 2017 साली, हरमनसह, सॅमसंगच्या छत्राखाली गेले. लेक्सस मोटारगाड्यांतही ते झळकले.

आपल्याकडे 1932 च्या भागीदारी कायद्याचे 55 वे कलम याच विषयाचे आहे. पेढी विसर्जित होऊन तिचा नावलौकिक विकला गेला, तरी भागीदाराला त्याच धंद्यात उतरता येते, जाहिरातही करता येते. मात्र पेढीचे नाव वापरणे, आपणच ती पेढी आहोत असे भासविणे आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे माल घेण्याची विनंती करणे, या तीन गोष्टी विरुद्ध करार नसल्यास त्याला वर्ज्य आहेत. भावाभावांच्या वाटणीत आडनावच पेढीचे नाव असते, तेथे हे कलम वाचल्यावाचून सही करणे धाडसाचे होय.

म्हणून वाटणीपत्रात नाव कोणाकडे, गिऱ्हाइकांच्या वह्या कोणाकडे, घेतलेल्या आगाऊ रकमा कोण फेडणार आणि विकलेल्या मालाची हमी व दुरुस्ती कोण पाहणार, हे वेगवेगळे लिहावे. शेवटच्या दोन बाबी बहुधा तोंडी राहतात. विसर्जनाची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत, 45 व्या कलमान्वये, पेढीच्या वतीने होणाऱ्या व्यवहारांबद्दल भागीदार परक्यांना बांधलेले राहतात. नोंदणी झालेल्या पेढीची ही सूचना निबंधकाकडे द्यावी लागते, आणि शिवाय राजपत्रात व पेढीच्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात ती छापावी लागते.