श्रेयांक, श्रेणी आणि सरासरी : पदवीच्या मूल्यमापनाचे गणित व अर्थकारण

भारतातील बहुतेक विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर आज टक्केवारीच्या जागी दशांश चिन्हासह एक छोटा आकडा छापलेला असतो. कुणाचा 6.80, कुणाचा 7.45, तर कुणाचा 8.12. या आकड्याला संचयी श्रेणीगुण सरासरी, म्हणजेच प्रचलित भाषेत सीजीपीए, असे म्हणतात. नोकरीच्या जाहिराती, शिष्यवृत्तीचे नियम आणि प्रवेशाच्या अटी मात्र अजूनही बव्हंशी 55 टक्के, 60 टक्के, 75 टक्के अशाच भाषेत लिहिल्या जातात. विद्यापीठे एका मापाने मोजतात आणि पदवीचा उपयोग करणारे दुसऱ्या मापाने विचारतात. या दोन मापांमधील अंतरात अनेक उमेदवारांची पात्रता अडकते. म्हणूनच ही पद्धती नेमकी कशी चालते, हे मुळापासून समजून घेणे आवश्यक ठरते.

गुणांकडून श्रेणीकडे

परीक्षापद्धतीविषयीचे असमाधान नवे नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (1948-49) परीक्षा सुधारणेस अग्रक्रम दिला होता. कोठारी आयोगाने (1964-66) वर्षाअखेरच्या एकाच बाह्य परीक्षेवरील भार कमी करण्याचा आग्रह धरला. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर गुणांऐवजी श्रेणी वापरावी, असे स्पष्टपणे नमूद होते. तथापि सर्वसाधारण विद्यापीठांत हा बदल प्रत्यक्षात यायला जवळजवळ तीन दशके लागली.

तंत्रज्ञान संस्था यास अपवाद होत्या. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेला 1962 ते 1972 या काळात अमेरिकेतील नऊ शिक्षणसंस्थांच्या समूहाचे साहाय्य लाभले. सत्रपद्धती, वर्गशिक्षकाने स्वतः केलेले सातत्यपूर्ण मूल्यमापन आणि अक्षरश्रेणी तेथे लवकर रुजली. यातील कळीचा मुद्दा शिक्षकाच्या अधिकाराचा होता. जो शिकवतो तोच श्रेणी देतो, हे तत्त्व तेथे मान्य झाले. संलग्न महाविद्यालयांच्या व्यवस्थेत शिकवणारा एक, प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा आणि उत्तरपत्रिका तपासणारा तिसरा असतो. अशा ठिकाणी श्रेणीपद्धती आली ती बरीचशी नावापुरती. गुण पूर्वीसारखेच द्यायचे आणि शेवटी त्यांचे अक्षरात रूपांतर करायचे, एवढाच बदल अनेक ठिकाणी झाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2014 मध्ये निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि 2015-16 पासून ती पद्धती विद्यापीठांत व्यापक प्रमाणावर लागू होऊ लागली. त्यात दहा गुणांची श्रेणी सुचवलेली आहे. ओ म्हणजे सर्वोत्कृष्ट श्रेणीस 10, ए प्लसला 9, एला 8, बी प्लसला 7, बीला 6, सीला 5, केवळ उत्तीर्ण म्हणजे पीला 4, तर अनुत्तीर्ण व अनुपस्थित यांना शून्य.

सरासरी कशी काढतात

येथे दोन संकल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात. श्रेयांक हे विषयाचे वजन आहे, तर श्रेणीगुण हे त्या विषयातील कामगिरीचे माप. आयोगाच्या त्या तत्त्वांनुसार सत्रभर दर आठवड्यास एक तास व्याख्यान किंवा अनुशिक्षण, अथवा दोन तास प्रात्यक्षिक, म्हणजे एक श्रेयांक. प्रत्येक विषयाचा श्रेणीगुण त्याच्या श्रेयांकाने गुणायचा, गुणाकारांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे. आलेले उत्तर ही त्या सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए. थोडक्यात, ही भारित सरासरी होय. निर्देशांकाचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यास ती परकी वाटू नये, कारण ग्राहक किंमत निर्देशांकात धान्याला आणि काडेपेटीला सारखे वजन नसते, तसेच हे आहे.

एक उदाहरण पाहू. एका सत्रात पाच विषय आहेत व त्यांचे श्रेयांक अनुक्रमे 6, 6, 4, 2 आणि 2, म्हणजे एकूण 20. पहिल्या विद्यार्थिनीचे श्रेणीगुण 7, 6, 8, 10 आणि 10. गुणाकार 42, 36, 32, 20 व 20. बेरीज 150, भागिले 20, म्हणजे 7.50. दुसऱ्या विद्यार्थ्याचे श्रेणीगुण 9, 8, 7, 5 आणि 5. गुणाकार 54, 48, 28, 10 व 10. बेरीज पुन्हा 150 आणि सरासरी 7.50 च. साधी सरासरी काढली असती, तर पहिलीची 8.20 व दुसऱ्याची 6.80 आली असती. एकीने हलक्या विषयांत पूर्ण गुण मिळवले, दुसऱ्याने मुख्य विषयांवर भर दिला. भारित सरासरी दोघांना एकाच पातळीवर आणते.

अनेक सत्रांची एकत्रित सरासरी काढताना हीच दक्षता घ्यावी लागते. पहिल्या सत्रात 20 श्रेयांकांवर 7.50 आणि दुसऱ्यात 24 श्रेयांकांवर 6.75 अशी कामगिरी असेल, तर दोन्ही आकड्यांची बेरीज करून दोनने भागणे चूक होय. त्यातून 7.13 येते. योग्य उत्तर 150 अधिक 162, म्हणजे 312, भागिले 44, अर्थात 7.09. फरक किरकोळ दिसतो, पण 7.10 ची अट असलेल्या जागेसाठी तो किरकोळ नाही.

संचयी सरासरीस एक जडत्वही असते. तीन वर्षांत 120 श्रेयांकांचा पदवी अभ्यासक्रम घेऊ. पाच सत्रांनंतर 100 श्रेयांकांवर 6.80 सरासरी असलेल्या विद्यार्थ्यास एकूण 7.00 गाठायचे असेल, तर शेवटच्या 20 श्रेयांकांवर 8.00 मिळवावे लागतात. शेवटच्या सत्रात 9.00 इतकी उत्तम कामगिरी केली, तरी अंतिम आकडा 7.17 पलीकडे जात नाही. उलट पहिल्याच सत्रातील घसरण पुढे पाच सत्रे सोबत चालते. ग्रामीण भागातून आलेल्या, माध्यम बदललेल्या विद्यार्थ्याचे पहिले सत्र बहुधा कमकुवत असते. ही बाब लक्षात घेता, हे जडत्व सामाजिकदृष्ट्या निरुपद्रवी मानता येत नाही.

अनुत्तीर्ण विषयाचा हिशेब संस्थागणिक बदलतो. 20 श्रेयांकांपैकी 16 श्रेयांकांवर 8 गुण आणि 4 श्रेयांकांच्या एका विषयात अपयश असे घडले, तर छेदात 20 घेतल्यास सरासरी 6.40 येते आणि उत्तीर्ण झालेले 16 च घेतल्यास 8.00. विषय पुन्हा दिल्यावर जुने शून्य पुसले जाते की नाही, यावरही बरेच अवलंबून असते. ‘एटीकेटी’ हा शब्द महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. त्याचा सरासरीवरील परिणाम मात्र निकालपत्र हाती येईपर्यंत क्वचितच ठाऊक असतो.

निरपेक्ष व सापेक्ष श्रेणी

श्रेणी ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि आयोगाने दोन्हींना मुभा दिली होती. निरपेक्ष पद्धतीत गुणांचे पट्टे आधीच निश्चित असतात. समजा 60 ते 69 ला 7, 70 ते 79 ला 8 आणि 80 ते 89 ला 9 श्रेणीगुण आहेत. श्रेयांक सारखे असलेल्या चार विषयांत एकाला प्रत्येकी 79 गुण मिळाले. त्याची टक्केवारी 79 आणि सरासरी 8.00. दुसऱ्यास 80, 80, 70 व 70 मिळाले. त्याची टक्केवारी 75 आणि सरासरी 8.50. गुणांत चार टक्क्यांनी मागे असलेला विद्यार्थी श्रेणीत पुढे गेला! श्रेणीपद्धतीच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते की 59 आणि 60 यांतील भेद परीक्षकाच्या हाताचा असतो, त्याला अवाजवी महत्त्व देऊ नये. युक्तिवाद योग्यच आहे. परंतु पट्टा आखला की त्याच्या काठावर तोच भेद पूर्वीपेक्षा मोठा होऊन उभा राहतो, हेही तितकेच खरे.

सापेक्ष पद्धतीत वर्गाचे मध्यमान आणि प्रमाण विचलन यांवरून सीमा आखतात. एका वर्गाचे मध्यमान 52 व प्रमाण विचलन 12 आहे. मध्यमानापेक्षा एका प्रमाण विचलनाने वर असलेल्यास 9 श्रेणीगुण द्यायचे ठरले, तर 64 गुणांचा विद्यार्थी त्यास पात्र होतो. दुसऱ्या वर्गाचे मध्यमान 66 व विचलन 8 असेल, तर तेच 64 गुण सरासरीच्या खाली जातात. प्रश्नपत्रिका कठीण निघाली तर संपूर्ण वर्गाचे नुकसान होऊ नये, हा या पद्धतीचा मोठा गुण. सहाध्यायाचे यश हे स्वतःचे नुकसान वाटू लागते, हा तिचा दोष. शिवाय आठ-दहा विद्यार्थ्यांच्या वर्गात संख्याशास्त्रीय वितरणाला काही अर्थ उरत नाही.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने या दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. बारावीच्या विषयवार श्रेणीसाठी उत्तीर्ण विद्यार्थ्यांची क्रमवारी लावून पहिल्या एक-अष्टमांशास ए-1, पुढच्या एक-अष्टमांशास ए-2, अशी सापेक्ष रीत अवलंबिली गेली. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या काळात, म्हणजे 2010 ते 2017 या दरम्यानच्या निकालांत, दहावीला मात्र 91 ते 100 गुणांस ए-1 व 10 श्रेणीगुण, अशी निरपेक्ष पट्ट्यांची रीत होती. 2018 पासून मंडळाची दहावीची परीक्षा पुन्हा सर्वांना अनिवार्य झाली. एक वारसा मात्र मागे राहिला, तो 9.5 या गुणकाचा.

टक्केवारीत रूपांतर : खरी अडचण

91 ते 100 या पट्ट्यातील विद्यार्थ्यांचे सरासरी गुण साधारण 95 येतात. त्यांस 10 ने भागले की 9.5 मिळतात. मंडळाने दहावीपुरता, तोही सूचक म्हणून दिलेला हा गुणक पुढे विद्यापीठीय पदव्यांनाही सर्रास लावला जाऊ लागला. त्यास शास्त्रीय आधार नाही, कारण पट्टे वेगळे, परीक्षा वेगळी आणि गुणांचे वितरणही वेगळे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात 6.25 म्हणजे 55 टक्के, 6.75 म्हणजे 60 टक्के, 7.25 म्हणजे 65 टक्के आणि 8.25 म्हणजे 75 टक्के असे समीकरण आहे. म्हणजे सरासरीतून 0.75 वजा करून 10 ने गुणायचे. काही ठिकाणी सरळ 10 ने गुणतात.

आता 6.25 हा एकच आकडा तिन्ही रीतींनी तपासला, तर परिषदेच्या तक्त्याने 55 टक्के, 9.5 ने 59.4 टक्के आणि सरळ गुणाकाराने 62.5 टक्के होतात. किमान 60 टक्क्यांची अट असलेल्या पदासाठी एक उमेदवार पात्र ठरतो आणि तितकीच सरासरी असलेला दुसरा छाननीतच गळतो. विद्यापीठाच्या अधिकृत रूपांतर प्रमाणपत्रास जे महत्त्व आले आहे, ते यामुळे. वस्तुतः जो नियमकर्ता टक्केवारीची अट घालतो, त्यानेच रूपांतराची रीतही सांगायला हवी. ते ओझे उमेदवारावर टाकणे न्याय्य नाही.

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हा भेद लक्षात ठेवावा. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस पदवी पुरेशी आहे, तिच्यात किमान टक्केवारीची अट नाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी (नेट) पदव्युत्तर पदवीत सर्वसाधारण गटास 55 टक्के लागतात. 2022 च्या विनियमांनुसार चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी. प्रवेशासाठी 75 टक्के किंवा समतुल्य श्रेणी अपेक्षित आहे. ‘समतुल्य’ हा एकच शब्द तेथे सारा भार वाहतो.

श्रेणी : एक संकेत

अर्थशास्त्राच्या परिभाषेत पदवी हा बाजाराला दिलेला संकेत होय. मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये हा सिद्धांत मांडला आणि 2001 मध्ये त्यांना जॉर्ज अकरलॉफ व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक लाभले. मालकाला उमेदवाराची क्षमता थेट दिसत नाही. म्हणून तो अशा खुणेकडे पाहतो, जी मिळवणे अक्षम व्यक्तीस अधिक कष्टाचे पडते. श्रेणी उदारपणे वाटल्या की ही खूण निकामी होते. किमती वाढल्या तर नव्या मोठ्या नोटा छापता येतात. श्रेणीला मात्र 10 चे छत आहे. त्यामुळे चलनवाढीप्रमाणे आकडे वर जात नाहीत, तर सारे विद्यार्थी छताखाली दाटीवाटीने उभे राहतात. दिल्लीतील एका नामांकित वाणिज्य महाविद्यालयाची प्रवेशरेषा 2011 मध्ये काही अर्जदारांसाठी 100 टक्क्यांवर गेली, तेव्हा हीच दाटी देशाला दिसली. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सामायिक परीक्षा आली. जुना संकेत क्षीण झाला की बाजार नवा शोधतो, याचे हे उदाहरण.

उपायही सोपे नाहीत. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने 2004 मध्ये ए गटातील श्रेणींचे प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास राखण्याचे धोरण स्वीकारले आणि दहा वर्षांनी, 2014 मध्ये, ते मागे घेतले. एकट्या संस्थेने कठोर व्हायचे, तर त्याची किंमत तिच्याच विद्यार्थ्यांना मोजावी लागते.

भारतात हा प्रश्न आता नव्या रूपात पुढे येत आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने निकषाधारित श्रेणीचा, म्हणजे अभ्यासक्रमाची उद्दिष्टे कितपत साध्य झाली यावरून मूल्यमापनाचा, पुरस्कार केला आहे. जुलै 2021 मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू झाली. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षास 1200 तास व 40 श्रेयांक, म्हणजे 30 तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक, असे माप ठरले. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतूनही एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत विषय पूर्ण करण्याची मुभा 2021 च्या विनियमांत आहे. यामुळे तासांचे माप देशभर एक झाले आणि श्रेयांक एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेणे शक्य झाले. मात्र श्रेयांकासोबत श्रेणीही प्रवास करते. कडक सापेक्ष पद्धतीच्या संस्थेतील 7 आणि सैल पट्ट्यांच्या संस्थेतील 9 एकाच बेरजेत शिरतात आणि एकाच छेदाने भागले जातात. 4 श्रेयांकांच्या विषयात हा फरक 8 गुणांचा होतो. 120 श्रेयांकांच्या पदवीत असे पाच विषय आले, तर सरासरी 0.33 ने बदलते, आणि परिषदेच्या तक्त्याने पाहिल्यास तीन टक्क्यांहून अधिक.