जनगणनेचे आकडे कसे वाचावेत

जनगणनेत प्रत्येक व्यक्तीची नोंद होते. कुटुंब पाहणीत निवडक घरांकडून अधिक तपशील घेतला जातो. अभ्यासकाने दोहोंचे आकडे एकत्र वाचले पाहिजेत. गोव्यात दर हजार पुरुषांमागे १९६१ साली १०६६ स्त्रिया होत्या, तर १९७१ साली ९८१. एवढ्यावरून मुलींची उपेक्षा झाली, असा निष्कर्ष निघत नाही. पूर्वी गोमंतकीय पुरुष रोजगारासाठी मुंबईस व परदेशी जात. पुढे बाहेरून कामकरी पुरुष गोव्यात आले. मुलींची स्थिती जाणण्यासाठी शून्य ते सहा हा वयोगट पाहावा. २०११ साली त्यात हजार मुलग्यांमागे ९४२ मुली होत्या. या तफावतीची कारणे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील जन्म व बालमृत्यूंच्या माहितीवरून शोधता येतात. तान्ह्या मुलीची नोंद गळली, तर सारा हिशेब चुकतो. म्हणून प्रगणकास प्रत्येक बालकाची माहिती द्यावी.